जळालेल्या मोटारींचा दुकानदार

लातूरला जिल्ह्याचा मान मिळाला, कलेक्टर मिळाले. पाऊस तेवढा कुणी दिला नाही! म्हणून तर रुद्राणी भर उन्हात उदगीरच्या बसस्टँडवर उतरली. टपावरचं तिचं जड खोकं एका उंच तरुणाने अलगद खाली घेतलं आणि तो हसला... तीही हसली. हसायला नको होतं, हे तिला पुढच्या चौकात कळलं.

कारण पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या ज्या वायंडिंगच्या दुकानात ती शिरली, त्याचा मालक तोच होता — विरूपाक्ष.

तिने खोक्यातून एक पेटी काढली. बोअरचं पाणी आटलं की मोटार कोरडी चालून जळण्याआधी आपोआप बंद करणारी ही पेटी तिचे वडील नागप्पा लातुरात तयार करत. कारखान्यासाठी त्यांनी राहतं घर बँकेकडे गहाण टाकलं होतं. महिनाअखेर माल खपला नाही, तर दोन्हीकडे कुलूप लागणार होतं.

विरूपाक्षने पेटी उलटसुलट पाहिली. "माल एक नंबर हाय. पण ही विकली तर मोटारी जळायच्या कशा? अन् मी खाऊ काय?"

"म्हणजे?"

"दुष्काळात बोअर कोरडे पडलेत, रोज मोटारी येऊन राहिल्यात. बसा की... पाणी घ्या."

रुद्राणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लोकांचं नुकसान व्हऊन राहिलं, अन् तुम्ही त्याच्यावर पोळी भाजून घेताव! लाज हाय का न्हाई?"

पाण्याला हातही न लावता ती निघाली. बसमध्ये तिला दुप्पट संताप आला — त्याचा, आणि त्याचं हसणं आठवणाऱ्या स्वतःचाही.

महिना सरत आला. बाकीचे दुकानदारही तेच म्हणाले, फक्त इतकं गोड हसून नाही.

आणि एका सकाळी विरूपाक्ष कारखान्याच्या दारात उभा!

"आमच्याकडच्या सरजाबाई तीच मोटार तिसऱ्यांदा घेऊन आल्या. पैसे घ्यायला हात पुढं व्हईना... तुमचं बोलणं कानातून जाईना." तो घुटमळला. "आता सगळ्यांना सांगून टाकलं. माझ्या वायंडिंगची हमी पाहिजे, तर आधी ही पेटी लावा. गिऱ्हाइकांनी आगाऊ पैसे दिलेत. हाय तेवढा माल द्या."

घर वाचलं! रुद्राणीचे डोळे भरून आले, पण आवाजातला ताठा काही गेला नाही. "मग तुमचं दुकान बसंल की."

"बसू द्या. तुमच्याकडं जागा असंल ना?"

"आम्हाला नोकर नको."

"नोकर कोण म्हणतंय? मी... जावयाचं बोलून राहिलो."

ती कानापर्यंत लाल झाली. मग कमरेवर हात ठेवून त्याच्यावर खेकसली, "अन् हे इचारायला अख्खा महिना लागला व्हय तुम्हाला?"