बरं शे, डॉक्टरसाहेब

धुळ्याहून जळगावला निघालेल्या एसटीत नलिनीच्या शेजारची सीट रिकामी होती, तरी एक म्हातारे आबा धुळ्यापासून दांडा धरून उभेच होते. पारोळ्याला एक उंच तरुण चढला आणि आबांना पाहून त्याचा चेहरा खुलला.

“आबा! ऑपरेशननंतर पाठ कशी आहे?”

“बरं शे, डॉक्टरसाहेब. बठ्ठी तुमनीच किरपा!”

डॉक्टरांची स्वारी खुशीत त्या रिकाम्या सीटवर टेकली. नलिनीला हसू आवरेना.

“काय झालं हसायला?”

“काही नाही… तुमच्या आबांना बसताच येत नाही, एवढंच.”

“पण ते तर म्हणाले, बरं आहे—”

“ज्यानं उपकार केले त्याच्या तोंडावर ‘दुखतंय’ म्हणायची आमच्याकडे रीत नाही.”

“मग मी विचारू तरी काय?”

“विचारा, मांडी घालून शेवटचं कधी जेवलात?”

त्यानं तिचं नाव-गाव विचारलं. डॉ. हेमंत चौधरी, मेंदू आणि मणक्याचा सर्जन. आणि ही नवी फिजिओथेरपिस्ट, दुसऱ्या दिवशी त्याच्याच हॉस्पिटलात रुजू होणारी!

हेमंतनं तो प्रश्न मनावर घेतला. रविवारी दोघं स्कूटरवरून जुन्या पेशंटांच्या घरी जाऊ लागले, पार रावेरपर्यंत. केळीचा घड कोण उचलतो, सदऱ्याचं बटण कोणाला लावता येतं, हे डोळ्यांनी बघायचं. बरी झालेली माणसं त्याला वाटत होती त्याहून खूपच कमी निघाली. तो चिडला नाही, खाली मान घालून ऐकत राहिला. नलिनी तिथेच विरघळली.

मग त्यानं एक नियम केला. प्रत्येक ऑपरेशनआधी नलिनीनं विचारायचं, “न केलं तर?” त्या एका प्रश्नावर कितीतरी पेशंट सुरीविना बरे होऊन घरी गेले.

मेहरूण तलावाच्या काठी एका संध्याकाळी तो अडखळत म्हणाला, “नलिनी… आपण लग्न केलं तर?”

“आणि न केलं तर?”

“तर जन्मभर सगळ्यांना सांगत सुटेन— बरं शे!”

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

वैशाखातला मुहूर्त धरला, आणि दोंडाईच्याजवळच्या गावी तिच्या वडिलांच्या, जीवरामनानांच्या, कमरेतून पायात कळ जाऊ लागली. नाना हट्टाला पेटले.

“माले पाटवर बठनं शे, पोरी. मांडी घालीसन कन्यादान करनं शे.”

“मी करतो ऑपरेशन,” हेमंत म्हणाला. “मुहूर्ताच्या आत मांडी घालतील.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. आता विचारायची पाळी तिची होती. असली कळ बहुतेक वेळा विश्रांतीनं थांबते हे तिला माहीत होतं. फार तर मुहूर्त पुढे गेला असता. प्रश्न जिभेवर आलाही… पण हळदीची साडी घेऊन झाली होती. ती गप्प राहिली. त्यानंही तिच्याऐवजी विचारलं नाही.

ऑपरेशनमध्ये नस दुखावली. नानांचं उजवं पाऊल उचलेना, पायात चप्पल राहीना.

सकाळी हेमंत मोठ्या सर्जनना घेऊन राउंडला आला. “नाना, कसं वाटतंय?”

नानांनी हात जोडले. “बरं शे, जवाईबापू.”

“बघा सर, पेशंट समाधानी आहे. ऑपरेशन यशस्वी,” हेमंत म्हणाला. नलिनी शेजारीच उभी होती, हातात नानांची चप्पल घेऊन. त्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

चूक तिनं पदरात घेतली असती. अर्धी तर तिचीच होती. पण नानांच्या ‘बरं शे’ची किंमत या माणसाला पक्की ठाऊक होती, तिनंच शिकवली होती, आणि तो त्याच शब्दाआड लपला. तिला त्याची किळस आली. त्याच्यावर प्रेम होतं म्हणून जास्तच आली.

लग्न मोडलं. नाना रडले, विनवण्या केल्या, पण ती बधली नाही.

नानांना घेऊन ती गावी निघाली तेव्हा हेमंत स्टँडवर धावत आला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

“चुकलो मी. सरांना सगळं खरं सांगितलंय…” त्यानं खिडकीचा गज धरला. “तू— तू कशी आहेस?”

नलिनीनं पदर सावरला आणि सावकाश हात जोडले.

“बरं शे, डॉक्टरसाहेब.”

हेमंतचा चेहरा पांढराफटक पडला. गज त्याच्या हातून सुटला.

गाडी हलली. नानांची चप्पल पायातून निसटून सीटखाली गेली होती. नलिनी वाकली आणि ती पुन्हा त्यांच्या पायात घालू लागली.