पाटलांच्या कोटातला सोपान

निमगावचे गेणबा पाटील वारले, तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आलं, त्यांचा एकही फोटो घरात नाही. मग पाटलीणबाई ठमाबाईंनी इंदापूरहून रावजी चितारी बोलावला. तोंडावळा तो सांगण्यावरून काढणार होता. पण रुबाब काय सांगून काढता येतो होय? त्यासाठी पाटलांच्या अंगलटीचा माणूस समोर बसायला हवा. तसा गावात एकच होता, त्यांच्याच मळ्यातला गडी सोपान.

त्याची बायको बनाबाई रोज भाकरी घेऊन पाटलांच्या वाड्यावर यायची नि ओसरीच्या कडेला टेकायची. पाटलांचा कोट, फेटा, जोडे घालून नवरा खुर्चीत अवघडून बसलेला बघितला, की तिला हसू यायचं. जन्मभर उकिडवा बसलेला माणूस तो!

"मागं रेल," रावजी सांगायचा. "हनुवटी वर. काठीवरची मूठ घट्ट. हा माणूस कुणासाठी उठून उभा राहत नाही, असं दिसलं पाहिजे."

"जमत न्हाय वो," सोपान कसनुसा हसायचा.

पण आठवड्याभरात जमलं. नको इतकं जमलं. आता तो घरीही भिंतीला रेलून बसायचा. बोलणं तुटक झालं. पाणी दिलं, तर बायकोकडं न बघता तांब्या घ्यायचा. अंगाला तेलरंगाचा उग्र वास.

"बास करा आता," बनाबाई म्हणाली. "मला माझा माणूस पायजे. पाटील नगं."

"उद्या सपतंय," एवढंच तो बोलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रावजीनं शेवटचा हात फिरवला. तोंड हुबेहूब गेणबांचं. ठमाबाईंना रडू आवरेना. डोळे पुसत त्या झेंडूचा हार घेऊन पुढं झाल्या.

बनाबाई दचकून उठली. "बाईसायेब, थांबा. जित्या माणसाच्या तसबिरीला हार घालत्यात व्हय? तोंड पाटलांचं असंल, पर त्या कोटात बसलाय त्यो माझा धनी हाय."

"येडी का खुळी तू?" म्हणत ठमाबाईंनी हार घातलासुद्धा.

मंडळी जेवायला आत गेली. ओसरीवर ऊन उतरलं होतं. खुर्चीत सोपान तसाच बसलेला, कोट अंगावर.

"बने..."

आवाज सोपानचाच होता. पण तो खुर्चीतून आला नाही. हाराच्या मागून आला.

"बने... घरला न्हाय का जायचं?"

बनाबाई धडपडत खुर्चीपाशी गेली आणि नवऱ्याचा हात धरला. "ऐकलंसा का? चला... आधी घरला चला."

त्यानं हात सोडवून घेतला. मागं रेलून तिला नीट न्याहाळलं.

"कोण गं तू? कुणाच्या घरची?"