माना कुणासाठी डोलल्या?

चंद्रावरची धूळ चाकाला चिकटली की सुटत नाही. नाशिकच्या चांद्रगाडी कारखान्यात हा प्रश्न सहा महिने पडून होता. सोमवारी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी तो सुटला. कुणाच्या लक्षात मात्र आलं नाही.

अकरा वर्षांची कस्तुरी सुट्टी म्हणून आईबरोबर आली होती आणि बैठकीत कोपऱ्यात बसली होती. तिची आई वृंदा तिथं अभियंता होती. चाकाचा विषय निघाला तेव्हा वृंदा म्हणाली, "त्या धुळीवर विद्युतभार (वस्तूवर साठलेली वीज) असतो. चाकाला त्याच जातीचा भार दिला तर? सारखे भार एकमेकांना ढकलतात. धूळ आपणहून उडेल."

कुणीतरी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

पाच मिनिटांनी पाटणकरकाका खाकरले. "मला काय वाटतं, चाकालाच भार द्यावा. धूळ उडून जाईल."

"वा!" सगळ्यांच्या माना डोलल्या. प्रमुख कानिटकरबाईंचीसुद्धा.

बैठकीच्या नोंदी टिपणीस नावाचा यंत्रमानव ठेवायचा. त्याच्या पडद्यावर उमटलं : 'कल्पना – पाटणकर. वृंदाताई – हजर.' या नोंदी पाहूनच चार वाजता चाकाचा प्रकल्प कुणाकडे द्यायचा ते ठरणार होतं. आईला तो किती हवा होता, हे कस्तुरीला ठाऊक होतं. घरी जेवतानाही चाकाशिवाय विषय नसायचा.

मधल्या सुट्टीत तिनं टिपणीसला गाठलं. "तू खोटं लिहिलंस!"

"मला खोटं येत नाही, शिकवलेलंच नाही. इथली दहा वर्षांची जुनी टिपणं बैठकांच्या चित्रफितींशी ताडून मी नियम काढला : ज्याच्या बोलण्यावर माना डोलतात, कल्पना त्याची."

"आणि आई बोलते तेव्हा?"

"बिस्किटं फिरतात."

कस्तुरीनं त्याच्या पडद्यावर बोट ठेवलं. "बैठकांचे आवाज साठवलेले आहेत ना तुझ्याकडे? मग माना सोड. आधी कोण बोललं, तेवढंच शोध."

टिपणीस तीन सेकंद थांबला. यंत्राच्या मानानं फारच. "स्त्रीनं आधी मांडलेल्या, पण पुरुषाच्या नावावर लागलेल्या कल्पना : चारशे सोळा. उलट प्रकार : नऊ."

चार वाजता त्यानं हेच सगळ्यांना वाचून दाखवलं. पाटणकरकाका कानापर्यंत लाल झाले. "अहो, मला खरंच वाटलं, मलाच सुचलं!"

"मान तर मीही डोलावली होती," वृंदा हळूच म्हणाली.

"मग चोर कोण?" कस्तुरीनं विचारलं.

"चोर कुणी नाही गं," कानिटकरबाई म्हणाल्या. "हा पूर्वग्रह. (ऐकण्याआधीच मनात ठरून बसलेलं मत.) ज्याच्या डोक्यात असतो, त्यालाच तो दिसत नाही. आमच्या डोक्यातला टिपणीसनं उचलला." त्यांनी प्रकल्प वृंदाकडे दिला. टिपणीसलाही बजावलं, आधी बोलेल त्याचं नाव लिहायचं.

"माझा नियम बदलला," टिपणीस म्हणाला. "तुमचा कधी?"

"आमचं एका बटणात होत नाही रे, बाबा."

पुढच्या सोमवारी नवी आलेली झरीना अगदी हळू आवाजात काहीतरी बोलली. हात बशीकडे निघाले. पाटणकरकाकांनी आपला हात मध्येच मागे घेतला.

"थांबा जरा. झरीना, पुन्हा सांग बघू."

तिनं सांगितलं. माना डोलल्या. टिपणीसला मान नव्हती, म्हणून तो सगळाच डोलला, आणि बिस्किटांची बशी खाली पडली.