पिंपातली डिक्शनरी

‘मधुमालती’ सोसायटीच्या इंग्रजी शब्दस्पर्धेत अक्षदा चुरी पहिली आली. ही स्पर्धा झालीच नाही. कमिटीचं तसं म्हणणं आहे, आणि कमिटीशी वाद घालणाऱ्याचा पार्किंगचा अर्ज हरवतो. तेव्हा स्पर्धा झाली नाही.

न झालेल्या स्पर्धेतली चोरी मात्र झाली होती, आणि तिच्यासाठी अक्षदाचंच नाव घेतलं गेलं.

सत्त्याण्णव सालचे गणपती. विरार पश्चिमेच्या त्या सोसायटीच्या मंडपात चेअरमन शरदचंद्र देवस्थळींनी फळ्यावर चार इंग्रजी अक्षरं लिहिली: क्यू, यू, ए, वाय. चारही अक्षरं ज्यात येतात असे शब्द शोधायचे. देवस्थळी अंधेरीच्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये होते, त्यामुळे एक शब्द त्यांना नक्की येत होता. शेवटी अक्षदा आणि त्यांचा मुलगा देवेश बरोबरीत आले. अक्षदाचा एकच शब्द तपासायचा उरला. तिने फळ्यावरची चार अक्षरं, होती त्याच क्रमाने, उतरवली होती.

“हा शब्द नाही,” देवस्थळी माइकवर म्हणाले. “हा आळस आहे.”

“बोटी लागतात त्या धक्क्याला म्हणतात, काका. डिक्शनरी उघडा.”

“माझी हयात इंग्रजी पत्रव्यवहारात गेली. मला कुणी हा शब्द पाठवला नाही.”

“तुम्हाला बोटीच कोण पाठवणार?”

मंडप हसला. देवस्थळींचे कान लाल झाले. डिक्शनरी त्यांचीच, टेबलावरच होती. तेवढ्यात वॉचमन दिनानाथने पंपापासून हाळी दिली, “पाणी आलं.” सगळा मंडप जिन्याकडे पळाला. गणपती तेवढे जागेवर राहिले.

पाणी भरून लोक परत आले तर डिक्शनरी गायब. शोधाशोध झाली. तिसऱ्या मजल्यावर, चुऱ्यांच्या दाराबाहेरच्या पिंपात ती मिळाली. फुगून उशीएवढी झाली होती.

“शब्द खोटा होता, म्हणून पुरावा बुडवला,” देवस्थळींनी प्रत्येक मजल्यावर थांबून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षदाकडे शिकवणीची पोरं आली नाहीत, त्यांच्या आया आल्या. “आमच्या बंट्याकडे इनमीन दोन पुस्तकं,” एक म्हणाली. “तीही गेली तर?” या शिकवणीवर अक्षदाचं बी.एड. चाललं होतं. दार लावताना तिने ते इतक्या जोरात लावलं की शेजारच्यांनी उघडून बघितलं. तिने पुन्हा दार उघडून त्यांच्याकडेही तसंच बघितलं.

मग ती स्वयंपाकघरात गेली.

“आई, काल पाणी आल्यावर पिंपाचं काय केलंस?”

“काय करतात? शिळं पाणी जिन्यात ओतलं, पिंप घासलं, नवं भरलं.”

“तळाशी काही होतं?”

“तुझ्या बाबांचा कंगवा.”

“आणि मी?”

“दोन कळश्या आणल्यास, रागाने अर्ध्या सांडल्यास आणि पिंप भरायच्या आत खाली गेलीस. मला म्हणालीस, ‘आज त्यांना दाखवतेच.’ काय दाखवलंस ते बघतेय मी सकाळपासून.”

पंपापाशी दिनानाथ तंबाखू मळत होता.

“दिनाकाका, काल मंडपात पहिलं कोण परत आलं?”

“तूच, ताई. समोरच्या खुर्चीत बसलीस. मी ‘बस’ म्हणणार होतो, पण तोंड बघून म्हटलं नाही. पुस्तक मिळेपर्यंत उठली नाहीस.”

“सगळ्यात शेवटी?”

“देवस्थळीसाहेब. घाम पुसत आले. म्हणाले, पाणी भरत होतो.”

देवस्थळींच्या गॅलरीत देवेश नळाच्या पाइपने कुंड्या भिजवत होता. गच्चीवर त्यांची एकट्याची वेगळी टाकी होती. त्यांच्या नळाला दिवसभर धार.

“काल सगळे पळाले तेव्हा तू कुठे होतास?”

“इथेच. मॅच बघत.”

“आणि तुझे पप्पा?”

“खाली नव्हते? घरी तर आले नाहीत.” देवेशने पाइप दुसऱ्या कुंडीत धरला. “हे बघ, मला तो स्पर्धेचा कप नकोय. त्यावर हंस आहे.”

संध्याकाळी आरतीला सगळे जमले. अक्षदाने माइक घेतला. 

“काका, मी डिक्शनरी पिंपात कधी टाकली?”

“पाणी आलं म्हणून सगळे पळाले तेव्हा. वर गेलीस आणि पिंपातल्या आधीच्या पाण्यात दिलीस बुडवून.”

“आधीच्या?”

“मग? पिंप काय रिकामं असतं?”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. तळमजल्याची कॅथरिन म्हणाली, “देवस्थळी, पाणी आल्यावर शिळं ठेवतं का कोण? सगळ्या घरांत पहिलं ते ओततात.”

“आमच्याकडे पाणी शिळं होतच नाही,” देवस्थळी म्हणाले.

“म्हणूनच सापडलात,” अक्षदा म्हणाली. “मी वर होते तेव्हा आई पिंप उलटं करून घासत होती. त्यात कंगवा होता, डिक्शनरी नव्हती. म्हणजे ती पिंप भरल्यावर पडली. तेव्हा मी इथे, दिनाकाकांच्या डोळ्यांसमोर बसले होते. तुम्ही शेवटी आलात आणि पाणी भरत होतो म्हणालात. तुम्हाला पाणी भरावं कधी लागलंय? देवेश घरात होता, तुम्ही नव्हता. सगळे पळाल्यावर तुम्ही डिक्शनरी उघडलीत, शब्द सापडला. चार अक्षरांपायी भरमंडपात चूक कबूल करायची नव्हती, म्हणून मला चोर केलंत.”

देवस्थळींनी माइक ओढून घेतला. मग फुटले.

“डिक्शनरी माझी आहे. मी ती पाण्यात टाकीन नाहीतर तळून खाईन. तीस वर्षांत मला कुणी माइकवर अडवलं नाही. आणि ही, फळ्यावरची अक्षरं टिपून, मला बोटी दाखवते.”

 कमिटीने तिथेच ठराव केला की स्पर्धा झाली नाही, सबब निकाल नाही, सबब आरोपही नाही. ठरावाला देवस्थळीच अध्यक्ष होते. पोरांच्या आया खाली मान घालून प्रसाद खात राहिल्या. सोमवारीही शिकवणीला कुणी आलं नाही.

मंगळवारी अक्षदाने नोटीस बोर्डावर अर्ज लावला:

“मा. कमिटी, मधुमालती सोसायटी. विषय: शब्द परत घेण्याबाबत. महोदय, मा. चेअरमन यांनी ज्या ज्या मजल्यावर थांबून मला चोर म्हटलं, त्या त्या मजल्यावर त्यांनी पुन्हा थांबून, तेवढ्याच मोठ्या आवाजात, दारं उघडी असताना, तो शब्द परत घ्यावा, ही नम्र विनंती. कळावे.”