उपाशी कौदी

सिद्धेश्वरीला बघायचं वेड होतं. नव्या पेठेतल्या दुकानांच्या शटरवर रंगवलेली कमळं, रिक्षांच्या मागची रेडियमची नक्षी, टोपलीत उभ्या लावलेल्या कडक भाकरी, जुन्या घरांतल्या झिजलेल्या फरशा, असं काहीही दिसलं की ती थांबायची आणि कॅमेरा काढायची. पोटापाण्यासाठी ती एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन करायची. टॉवेलच्या काठावर मोर बसवायचे की कोयऱ्या, हे ठरवायचा तिला पगार मिळे. पण तिचा जीव रमायचा तो रस्त्यावरच. गुरप्पा, म्हणजे तिचे अप्पा, तिची थट्टा करायचे. फोटो काढायला लोक ताजमहालला जातात, आमची लेक फरसाणाच्या दुकानाला जाते, म्हणायचे. जन्मभर त्यांनी नव्या पेठेत कटपीसचं दुकान चालवलं होतं. कापड बोटांत धरलं की डोळे मिटून सांगायचे, कुठलं, किती वापरलेलं, किती धुतलेलं.

थंडीच्या सुरुवातीला आई गेली. मल्लव्वा. घरात अप्पा आणि सिद्धेश्वरी दोघंच उरली. अप्पांची थट्टाही आईबरोबर गेली. दिवसभर खिडकीपाशी खाटेवर बसून असायचे, जेवायला वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर मागायचे नाहीत. तिला आतून भीती वाटायची की हेही असेच हळूहळू निघून जातील आणि आपण नुसतं बघत राहू.

आईची कौदी अर्धवट राहिली होती. कौदी म्हणजे जुन्या लुगड्या-धोतरांचे थर घालून शिवलेली गोधडी. त्यांच्या घरात कानडी शब्दच चालायचा. आईने सगळी ठिगळं जोडली होती, सगळे टाके घातले होते. फक्त काठाशी हात जाईल एवढी फट शिवायची ठेवली होती. तिथून आत भाकरीचा लोणी लावलेला घास घालायचा आणि मग फट शिवायची, अशी रीत. कौदीचं पोट रिकामं ठेवायचं नाही.

सिद्धेश्वरीने ती उलगडून खाटेवर अंथरली आणि तशीच उभी राहिली. लहानपणापासून ती असल्याच कौद्यांत झोपली होती, पण त्यांतल्या एकीकडेही कधी नीट पाहिलं नव्हतं. विटलेल्या जांभळ्याशेजारी आईने हळदीसारखा पिवळा ठेवला होता, आणि मध्येच एक काळी पट्टी अशी सोडली होती की सगळे रंग तिच्याभोवती बोलायला लागले होते. कारखान्यात आठवडाभर डोकं खाजवूनही तिला हे जमलं नसतं. आई होती तेव्हा तिला एकदाही म्हटलं नाही की अव्वा, हे सुंदर आहे. तिला रडू फुटलं.

शहरातल्या एका सभागृहात तिच्या फोटोंचं प्रदर्शन ठरलं होतं. मधल्या भिंतीवर कौदी लावायची, असं तिने त्याच दुपारी ठरवून टाकलं. स्टुलावर चढून वरून फोटो घेतला. अप्पांनी बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी आपणहून काही मागितलं. प्रदर्शन झालं की कौदी मला दे, म्हणाले, थंडीत मल्लव्वाची कौदी अंगावर पाहिजे. तिने कबूल केलं.

फट तिने स्वतः शिवली. घास घातला नाही. भिंतीवर लावायच्या वस्तूत भाकरी कशाला, मुंग्या होतील, बुरशी धरेल, एवढा साधा विचार. आईची थोरली बहीण शांतम्मा, सिद्धेश्वरीची दोड्डव्वा, मैंदर्गीहून भेटायला आली, तिने काठ चाचपला आणि विचारलं. सिद्धेश्वरीने खरं ते सांगितलं. दोड्डव्वाने हातातला काठ सोडून दिला.

“उपाशी शिवलीस व्हय,” ती म्हणाली. “ती कुठंबी तोंड घालंल आता.”

सिद्धेश्वरीने ते कानाआड केलं. दोड्डव्वा मुक्कामाला म्हणून आली होती, पण दुपारच्या एसटीने परत गेली.

प्रदर्शनाच्या पत्रिकेसाठी दुसरा फोटो काढायचा होता. तीच खाट, तोच खिडकीतला उजेड, तेच स्टूल. काढला, कॉम्प्युटरवर पहिल्याशेजारी लावला, आणि तिला काहीतरी खटकलं. खालच्या कोपऱ्यात हिरवं ठिगळ होतं. इरकल लुगड्याचं, लाल काठ धरून कापलेलं. पहिल्या फोटोत त्या जागी अप्पांच्या जुन्या लुंगीच्या चौकटी होत्या.

उजेड वेगळा पडला असेल, कौदी फिरवून टाकली असेल, असं सगळं तिने मनाशी म्हणून बघितलं. मग जाऊन ठिगळ हातात धरलं. लाल काठात एक केशरी धागा चुकून आलेला होता.

तो धागा तिने आधी पाहिला होता. आईला शेवटचं नेसवताना. लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. आईला नवी इरकल नेसवून भिंतीला टेकवून बसवलं होतं, आणि निऱ्या करताना सिद्धेश्वरीला तो चुकलेला धागा दिसला होता. आई समोर अशी बसलेली आणि आपण विणकामातली चूक बघतोय, याची तिला तेव्हा लाज वाटली होती. त्या लुगड्याला कात्री लागली नव्हती. अख्खं मातीत गेलं होतं.

तिने अप्पांना बोलावलं. त्यांनी अंगठा फिरवला, वाकून वास घेतला.

“मल्लव्वाचं हाय,” ते म्हणाले. “ओल हाय अजून त्याला.”

ते घाबरले नाहीत, याचंच तिला जास्त भय वाटलं. उलट त्या दिवसापासून ते कौदीजवळ बसायला लागले. बोलायला लागले, जेवायला लागले. चार दिवसांनी गुलाबी ठिगळ आलं, ते आज्जाच्या, म्हणजे अप्पांच्या वडिलांच्या, फेट्याचं होतं. आज्जा सिद्धेश्वरीच्या जन्माआधीच फेट्यासकट मातीत गेला होता. अप्पांनी तेही बोटांनी ओळखलं आणि शाळेतल्या पोरासारखे हसले. बायको आणि वडील गमावलेल्या माणसाला कुणीतरी ते घरी परत आणून देतंय, तर ते कोणत्या तोंडाने नको म्हणायचं? तिच्याने अप्पांकडे बघवेना.

तरी तिने एकदा प्रयत्न केला. भाकरी थापली, घासाला लोणी लावलं, शिवण उसवून आत खोल सरकवला आणि फट पुन्हा शिवली. संध्याकाळी कामावरून आली तर शिवण उसवलेली, आणि घास खाली फरशीवर. दिवसभर पडून होता, पण त्याला एक मुंगी लागली नव्हती.

तिने मैंदर्गीला फोन लावला. दोड्डव्वाने सगळं ऐकून घेतलं.

“तवा भाकरी चालली असती,” ती म्हणाली. “आता तिचं भाकरीवर भागायचं न्हाय.”

आणि फोन ठेवून दिला.

प्रदर्शन चार दिवसांवर आलं. सिद्धेश्वरीने आयोजकांना कौदी देणार नाही म्हणून कळवलं. त्या दिवशी कारखान्यात नमुना तपासताना तिच्या कुडत्यावर निळा रंग उडाला होता, कमरेजवळ, लांबट डाग. घरी आली, पर्स ठेवली, सवयीने कौदीकडे नजर टाकली.

मधोमध तिच्या कुडत्याचं ठिगळ होतं.

मोहरी रंगाचं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं. त्यावर कमरेजवळचा निळा डाग.

तिने खाली पाहिलं. कुडता अंगावर धड होता. डागही होता. हात लावला तर बोटाला रंग लागला. मग कौदीवरच्या डागाला हात लावला. तोही ओला होता.

इतके दिवस कौदी मातीत गेलेलं शोधून आणत होती. आता मातीतलं सरलं होतं.

अप्पा मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी ठिगळ बघितलं, मग तिचा कुडता बघितला. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरला.

“जाळून टाकू या, अप्पा,” ती म्हणाली.

“जाळायची कशी? मल्लव्वा हाय त्यात.” ते थांबले. “आणि आता तू बी हायस की.”

ते खाटेवर बसले. ठिपक्यांच्या कापडावरून एकदा हात फिरवला, ती तापाने फणफणायची तेव्हा कपाळावरून फिरवायचे तसा. मग म्हणाले, घाबरू नको. पेठेत जा आणि ताजं लोणी घेऊन ये. घास मी घालतो. तुझ्या हातचा नसंल घेतला, माझ्या हातचा घेईल ती.

तिला ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं तिला. दारातून वळून बघितलं तर ते फटीशी वाकून आत हात घालून बघत होते, जागा किती आहे ते.

नव्या पेठेत गर्दी होती. लोणी मिळायला वेळ लागला.

परत आली तेव्हा दार आतून बंद होतं. हाका मारल्या. खिडकीतून हात घालून कडी काढली.

अप्पांच्या चपला उंबऱ्याशी होत्या. चष्मा खिडकीत घडी करून ठेवलेला. दोन खोल्यांचं घर, दुसरं दार नाही. तिने तरी खाटेखाली बघितलं, कपाटामागे बघितलं.

कौदी खाटेवर नीट अंथरलेली होती. एक सुरकुती नाही.

मोहरी रंगाचं ठिगळ गेलं होतं. त्या जागी अप्पांचा निळ्या रेघांचा सदरा होता, सकाळी तिनेच इस्त्री करून दिलेला. खिशासकट.

तिने त्यावर हात ठेवला. किती वेळ ठेवला, तिला कळलं नाही.

मग तिने फट शोधली. फट शिवलेली होती, बारीक, सरळ टाक्यांनी. अप्पांनी आयुष्यभर कापड विकलं, सुई कधी हातात धरली नव्हती.

कौदीची फट बाहेरून शिवली की दोऱ्याची शेवटची गाठ बाहेरच राहते. ती आत घालायला जागाच उरत नाही. सिद्धेश्वरीने बोटांनी सगळा काठ चाचपला, चारी बाजूंनी, पुन्हा एकदा.

बाहेर गाठ नव्हती.