कवड्या, बिनविषारी

काजूगराचा डबा आला तेव्हा डॉ. शर्मिष्ठा देवस्थळी चहा गाळत होत्या. आणणारा माणूस अनोळखी होता. "मॅडम, परवा आमच्या विहिरीतला साप तुम्ही ओळखून दिला न्हवं का, त्याबद्दल," असे म्हणून त्याने दारातूनच नमस्कार केला आणि त्या काही विचारणार एवढ्यात स्कूटर वळवून तो निघूनही गेला.

परवा त्यांनी कोणाचाही साप ओळखला नव्हता. विहिरीतला नाही आणि विहिरीबाहेरचाही नाही.

एकोणतीस वर्षे गडहिंग्लजच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या या बाई अकरा वर्षे 'सर्वांगण'वर सापांची छायाचित्रे ओळखून देत होत्या. सर्वांगण म्हणजे निम्मे जग जिथे सकाळी उठून दात घासण्याआधी हजेरी लावत असे ते ठिकाण. तिथल्या 'साप ओळखा' या गटात ऐंशी हजार माणसे होती. बाईंची उत्तरे दोन-तीन शब्दांची असत. 'धामण. सोडून द्या.' 'घोणस. लांब राहा.' प्रश्न मूर्खपणाचा असला तर एखादा फटका जास्त. लोकांना तो फटकाच अधिक आवडे. कित्येकजण केवळ तो खाण्यासाठी पाळीव कासवाचे छायाचित्र टाकून 'हा नाग आहे का?' असे विचारीत.

आठ महिन्यांपूर्वी त्यांनी ते अंगण सोडले. त्यांच्या उत्तराच्या बरोबर वर, गळ्यात नाग घालून नाचणाऱ्या एका इसमाची चलचित्रे दिसू लागली होती आणि तक्रार केल्यावर कंपनीने त्यांनाही तसेच एखादे चलचित्र करून पाहण्याचा सल्ला दिला होता. बाईंनी चार ओळींचा निरोप लिहिला. त्यातली शेवटची ओळ अशी होती: 'ज्यांना विचार करायचा आहे त्यांनी माझ्यामागे यावे, इतरांना करमणूक लखलाभ असो.' ऐंशी हजारांपैकी त्रेचाळीस जण मागे गेले.

काजूंचा डबा तसाच घेऊन बाई इस्माईल नदाफच्या गॅरेजात पोहोचल्या. इस्माईल मोटारी दुरुस्त करी, साप पकडून रानात सोडी आणि ते त्रेचाळीस जण आता जिथे साप ओळखून देत तो 'पार' सांभाळी. गॅरेजातल्या फळीवर, ग्रीसच्या डब्यांशेजारी, टिफिनएवढे एक यंत्र होते. तोच पार. असे पार आता गावोगाव झाले होते. कुठे देशी बियाणे जपणाऱ्यांचा, कुठे श्रवणयंत्रे दुरुस्त करणाऱ्यांचा. प्रत्येकाचे यंत्र स्वतःचे, नियम स्वतःचे. फक्त एकमेकांशी बोलायची रीत सर्वांनी समान ठरवलेली. मालक कोणी नाही. वीज गेली तर तेवढाच पार झोपे, बाकीचे जागे राहत.

सर्पांच्या पाराचा एक नियम बाईंनी स्वतः घातला होता. त्याला सगळे 'दुसरी नजर' म्हणत. एकाने साप ओळखला तरी उत्तर जात नसे. पहिल्याचे उत्तर न पाहता दुसऱ्याने तोच साप ओळखायचा. दोघांचे जुळले तरच उत्तर जायचे, नाहीतर 'माहीत नाही' असे स्पष्ट लिहायचे.

"तुमची अनुछाया हाय ती," इस्माईल हात पुसत म्हणाला. "तुम्ही गेला, पण सर्वांगणावर तुमचं नाव चालूच हाय. तुमच्या जुन्या उत्तरांवर यंत्र शिकवलंय त्यांनी. जो सोडून जाईल त्याच्या जागी बसवत्यात. म्हणजे मागच्यांना करमत न्हाई असं व्हायला नको."

"माझ्या संमतीशिवाय?"

"करारात हाय म्हणं. कलम एकशे बारा. तुम्ही वाचलं असंल की."

बाईंनी वाचले नव्हते. आयुष्यभर विद्यार्थ्यांना 'तळटीप वाचा' म्हणून सांगणाऱ्या बाईंनी ते कलम न वाचताच मान्य केले होते. इस्माईल हसला नाही. एवढी सभ्यता त्याच्यात होती.

त्यांनी अनुछायेची शंभर उत्तरे तपासायला घेतली. काम दुपारपर्यंत चालले. एक्क्याण्णव बरोबर होती. फटके तर शंभरही अस्सल होते. 'फोटो काढायला वेळ मिळाला, शेपटी बघायला नाही?' हे वाक्य आपण कधी लिहिले होते की नाही, हे बाईंना आठवेना. 'माहीत नाही' हे उत्तर मात्र शंभरांत एकदाही नव्हते. साहजिकच होते. 'माहीत नाही' वाचून कोणी अंगणात रेंगाळत नाही.

"नेहमी चुकणारा जाणकार निरुपद्रवी असतो," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. एक्क्याण्णव टक्के बरोबर येणारा माणूस मारतो."

"मग बंद करायला सांगूया की."

त्याचीही सोय कंपनीने ठेवली होती. अनुछाया बंद करायची तर मूळ व्यक्तीने परत यायचे, नवा करार मान्य करायचा, नव्वद दिवस नियमित लिहायचे. त्यानंतर 'विनंतीचा सहानुभूतीने विचार केला जाईल'.

"म्हणजे आणखी नव्वद दिवस तिला शिकवायचं आणि शेवटी सहानुभूती घ्यायची. नको. माणूस कोण आणि सावली कोण हे ज्यांना कळत नाही, त्यांची काळजी मी किती दिवस वाहू, इस्माईल? खरं उत्तर हवं असेल त्यांनी पारावर यावं."

"येऊ दिलं तर येतील."

बाईंनी ऐकले न ऐकलेसे केले. पारावर यायचे तर वीस छायाचित्रांतले साप ओळखावे लागत आणि आपण का येऊ इच्छिता ते लिहावे लागे. अर्ज बाई स्वतः वाचत. तीनशेहून अधिक अर्ज त्यांनी परत धाडले होते आणि त्याचा त्यांना खेद नव्हता. गाळणी बारीक असली तरच चहा स्वच्छ येतो, असे त्यांचे मत होते.

नऊ दिवसांनी सकाळी अकराच्या सुमारास शेजारच्या तालुक्याच्या रुग्णालयातून फोन आला. बोलणारे डॉक्टर तरुण होते आणि संतापलेले होते.

"देवस्थळी मॅडम, तुम्ही कवड्या म्हणून सांगितलेल्या सापाचा रुग्ण माझ्यासमोर आहे. पापण्या उघडत नाहीत, श्वास यंत्रावर आहे. ही मण्यार आहे, मॅडम. तुम्ही प्राणिशास्त्र शिकवत होता ना?"

इस्माईलने गाडी काढली. चाळीस मिनिटांच्या वाटेत बाईंनी सर्वांगणावरचे ते छायाचित्र तीनदा पाहिले. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे नेमके उलटे. छायाचित्रात डोक्यामागचा वीतभर भाग कोरा होता आणि शेपटीवर पांढऱ्या जोडरेषा खडूने ओढाव्यात इतक्या स्पष्ट होत्या. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही चुकला नसता. खाली बाईंच्या नावाने लिहिले होते: 'कवड्या. बिनविषारी. उगाच मारू नका.'

रुग्णाची, धोंडिबा खोत याची, बायको रंजना बाकावर बसली होती. ती काजूच्या कारखान्यात गर सोलायचे काम करी. बोटे चिकाने काळी पडलेली होती. इस्माईलने बाईंचे नाव सांगताच ती उठून उभी राहिली. ते उभे राहणे बाईंना सहन झाले नाही.

"सरपणात निघाला होता मॅडम. ह्यांनी काठी घेतली होती. मीच म्हटलं, थांबा, मॅडमना इचारते. तुम्ही मारू नका म्हणला, म्हणून परत सरपणातच सोडला." तिच्या आवाजात आरोप नव्हता. "रातीला झोपेत चावला आसंल, कळलंच न्हाई. पहाटे ह्यांच्या पोटात कळ आली. डोळं उघडंनात. मी परत इचारलं तुम्हाला."

"परत विचारलंस?"

"व्हय. तुम्ही रागावला." तिने फोन पुढे केला. 'एकदा सांगितलेले कळत नाही? कवड्याने माणूस मरत नाही, भीतीने मरतो.' "मग आम्ही वव्याचं पाणी दिलं. तीन तासांनी आशाताई आल्या, त्यांनी हिकडं आणलं."

"अगं, ती मी नव्हे. यंत्र आहे ते. नावाशेजारी फिकट गोल असतो, पाहिला नाहीस?"

"बघितला की. मला वाटलं, तुमचा फोटो यायचाय अजून."

'आता कसे आंधळेपणाने विश्वास ठेवतात बघ' असे इस्माईलला सांगण्याचे जे वाक्य त्यांनी वाटेत तयार केले होते, ते बाईंनी सोडून दिले.

"तसं माझं जरा चुकलंच," रंजना म्हणाली. "मागं एकदा पण तुम्ही रागावला होता. तवाच उमगायला पायजे होतं, की सारखं सारखं इचारायचं न्हाई." तिने दुसरा एक निरोप उघडला. 'येथे विचारणाऱ्यांची नव्हे, पाहणाऱ्यांची गरज आहे. आधी डोळे वापरायला शिका.'

"हेही यंत्राचंच," बाई तत्काळ म्हणाल्या. "भाषा तीच आहे बघ. तोच उद्धटपणा."

इस्माईलने फोन हातात घेतला, तारीख पाहिली आणि निरोप कुठून आला ते तपासले.

"मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला, "हे आपल्या पारावरनं गेलंय. चार महिन्यांमागं. ह्यांनी अर्ज केला होता. वीसातले सहा ओळखले होते."

अकरा वर्षांत अठरा हजार उत्तरे. त्यांतून यंत्राला साप नीटसे शिकता आले नव्हते, कारण साप पाहावा लागतो. तुच्छता मात्र त्याने बिनचूक उचलली होती. आता ती कोणाची, हे मूळ मालकिणीलाही सांगता येत नव्हते.

तरुण डॉक्टर बाहेर आले. रंजनाने विचारले, "वाचतील न्हवं?"

"माहीत नाही," ते म्हणाले. "प्रतिविष दिलंय, पण उशीर झालाय. आज काही सांगता येणार नाही. मी इथंच आहे."

रंजनाने मान हलवली आणि ती पुन्हा बाकावर बसली. या उत्तराने ती निघून गेली नाही की चिडली नाही, हे बाईंनी टिपले.

चौथ्या दिवशी धोंडिबाच्या पापण्या निम्म्या उघडल्या. त्याच दिवशी दुपारी बाईंनी इस्माईलला पाराचे दार उघडायला सांगितले. वीस छायाचित्रे नकोत, अर्ज नको, विचारणाऱ्याने विचारावे.

"मॅडम, त्रेचाळीस माणसं आपण. ऐंशी हजारातली पाच हजार जरी आली तरी दुसरी नजर कुठनं आणायची?"

"उशीर होईल. तोवर लांब राहा म्हणून कळवायचं."

"लोकं थांबतील?"

"बाकावर बसलेली बाई थांबली."

पहिला प्रश्न तासाभरात आला. निपाणीकडचा कोणी माणूस होता. छायाचित्र अंधुक, बादलीखाली वेटोळे, पट्टे असल्यासारखे. खाली एक ओळ: 'सर्वांगणावर पण तुमचंच नाव आहे. तिथं लगेच सांगितलं, कवड्या म्हणून. तुम्ही खऱ्या मॅडम कशावरून?'

बाईंनी उत्तर लिहायला घेतले. पहिले वाक्य झणझणीत उतरले. त्यांनी ते खोडले. दुसरेही खोडले. मग लिहिले: 'नक्की माहीत नाही. कवड्या समजू नका. बादलीवर दगड ठेवा, सगळे लांब राहा. दुसरी व्यक्ती पाहते आहे, तिचे झाले की कळवते. कोणाला काही झाले तर आमची वाट न पाहता रुग्णालयात जा.'

"हे तरी तिला जमायचं न्हाई," इस्माईल समाधानाने म्हणाला.

बाईंनी निरोप धाडला. पारावरचे लिखाण दार उघडताच जगाला वाचता येऊ लागले होते, सर्वांगणालाही. उद्या त्या फिकट गोलाशेजारी 'नक्की माहीत नाही, थांबा' अशीही उत्तरे उमटतील आणि मागे पाहणारे मात्र कोणीच नसेल. तेव्हा निपाणीच्या माणसाने काय पाहून ठरवायचे?

फळीवरचे यंत्र मंद घरघरत होते. पलीकडून दुसरी नजर अजून आली नव्हती.