पाच फूट अकरा इंच

बेसबॉल पिचर वेड प्रुइटच्या हातातून चेंडू सुटायची उंची पाच फूट अकरा इंच. मे महिन्यात तेवढी, जुलैत तेवढी, ऑगस्टच्या नऊ तारखेलाही तेवढीच.

संघाची आकडेतज्ज्ञ मार्लिस ओट हिने तो आकडा तीनदा तपासला. चौतिशीतल्या पिचरचा खांदा हंगामभर थकत जातो आणि चेंडू थोडा खालून सुटू लागतो. वेडचाही सुटत होता, पण फक्त परगावी. तिथे उंची पाच फूट साडेनऊ इंचांवर आली होती. आयोवातल्या या घरच्या मैदानावर मात्र त्याचा हात जणू पंचविशीतला.

फोन वाजला. वरच्या संघातून, बड्या लीगमधून, गस लेमायर बोलत होता.

"मार्लिस, आमचा एक पिचर जायबंदी झालाय. वेडला वर घ्यायचं म्हणतोय. तुझं कॉम्प्युटर मॉडेल काय म्हणतं?"

"कुठले आकडे घालते त्यावर आहे. घरचे घातले तर हंगाम निभावेल. बाहेरचे घातले तर आठवड्याभरात कोपर जाईल."

"मला एकच उत्तर हवंय, बाई. चारच्या आत."

बड्या लीगमध्ये वेडचे एकतीस दिवस भरले होते. त्रेचाळीस भरले की जन्माची पेन्शन. बारा दिवस कमी होते, आणि हे इथे प्रत्येकाला पाठ होतं.

मार्लिसचा पहिला संशय उंची टिपणाऱ्या कॅमेऱ्यांवर. फलंदाजापुढच्या होम प्लेटवर मोजकाठी उभी करून तिने ते तपासले. चूक नव्हती. मग तिने पाहुण्या पिचरांचे आकडे काढले. जूनमध्ये येऊन गेलेल्यांचा चेंडू इथे नेहमीपेक्षा अर्धा इंच वरून सुटला होता. जुलैतल्यांचा एक इंच. ऑगस्टमध्ये दीड.

एवढ्या माणसांचे खांदे एकाच गावात येऊन बरे होत नाहीत.

ती खाली मैदानात गेली. पिचर ज्यावर उभं राहून चेंडू फेकतो त्या मातीच्या उंचवट्यावर ऑर्लो बेख्त पाणी मारत होता. सव्वीस वर्षं हे मैदान तोच राखत आला होता.

"काय गं पोरी, कॉम्प्युटर बंद पडला? उन्हात कशी आलीस?"

"ऑर्लो, हा उंचवटा किती इंचांचा?"

"नियमात दहा, म्हणून दहा."

"पाहुणे तक्रार करत नाहीत?"

"पिचर कधी तक्रारीशिवाय जगलाय? एकाला उतार खडा वाटतो, एकाला माती ओली. एकाला तर सूर्यच चुकीच्या जागी वाटला."

"शेवटचं कधी मोजलंस?"

"एप्रिलमध्ये. लीगचा माणूस आला होता तेव्हा."

"मग आता मोजू."

"मोजायची दोरी घरी राहिली."

मार्लिसने पिशवीतून स्वतःची दोरी आणि पाणसळ काढली. ऑर्लोने नळी खाली ठेवली. पलीकडे व्यायाम करणारा वेड उठून जवळ आला.

साडेअकरा इंच.

"मॉडेल होम प्लेटच्या पातळीपासून मोजतं," मार्लिस म्हणाली. "पिचरचे पाय किती उंचावर आहेत ते त्याला कळत नाही. वेडचा हात जेवढा उतरला, तेवढी तू माती चढवलीस. पाव-पाव इंच. पण दर डावात ती काढून परत घालता येत नाही. पाहुणेही त्याच मातीवर उभे राहिले, आणि त्यांच्या आकड्यांनी तुला पकडून दिलं."

ऑर्लोने नाही म्हटलं नाही. "किती घालायची ते मला कोणी सांगितलं, विचार ना."

"कोणी?"

"तूच. सामना झाला की खेळाडूंच्या खोलीत आकड्यांचा कागद कोण चिकटवतं? मी तो वाचायचो. सकाळी माती आणायचो."

मार्लिसने पाणसळ पिशवीत टाकली.

"बारा दिवस गं! तुझ्या त्या मशीनला बारा दिवस डोळेझाक करता येत नाही?"

"मशीन करेल. त्याचं कोपर नाही करणार."

"वेडला यातलं काही माहीत नाही," ऑर्लो घाईने म्हणाला. "जे काय लिहायचं ते माझ्या नावावर लिही."

वेड हसला. "म्हाताऱ्या, सोळा वर्षं मातीवर उभा आहे मी. पाव इंचही पायाला कळतो. पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीस?" मार्लिसने विचारलं.

"बायकोला सांगत होतो, मे संपला की थांबायचं ठरवतो. मग जून संपला की. दात घासायला आता डावा हात लागतो, तरी तुझा कागद म्हणायचा, हात ठीक आहे. मला तेच वाचायचं होतं."

चारला दहा कमी होते. घरचे आकडे पाठवले तर वेडचं कोपर जाणार होतं. बाहेरचे पाठवले तर पेन्शन, आणि माती उघडी पडली की ऑर्लोची नोकरीही. मार्लिसकडे तिसरे आकडे नव्हते. ती नुसती दोरी गुंडाळत राहिली.

फोन वाजला. तिने उचलला. वेडने डावा हात पुढे करून तो तिच्याकडून घेतला.

"गस, वेड बोलतोय. दुसरा कोणी बघ," तो म्हणाला. "मी आजपासून खेळणं सोडलं."